पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं? (टेक्सास, कन्सील्ड कॅरी म्हणजे कपड्यांखाली लपवून बाळगणं, स्वसंरक्षण)

ओवी:
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते, फार्मसिस्ट आहे आणि पुष्कळदा रात्रपाळी असते. पाळी संपते तेव्हा पार्किंग लॉट ओस पडलेला असतो. मध्यंतरी आमच्याच प्लाझात एका सहकारी मुलीला ढकलून पाडलं आणि पर्स हिसकावून नेली. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

थोडी माहिती देते. माझं आणि नवऱ्याचं ग्रीन कार्ड झालंय. घरी चौदा वर्षांचा मुलगा आहे. उन्हाळ्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत. शाळेत एनसीसीत असताना .२२ रायफल चालवली होती, त्यापलीकडे अनुभव नाही. हात लहान आहेत, मनगटात फार जोर नाही. एका दुकानात गेले तर काउंटरवरच्या माणसाने काही न विचारता एक छोटं, हलकं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं आणि म्हणाला, बायकांसाठी हेच बरं. ते हातात घेतल्यावर चाप मला जेमतेम ओढता आला.

कोणतं घ्यावं, कसं बाळगावं, घरात कसं ठेवावं, सगळंच विचारायचं आहे. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कृष्णाकाठ:
ओवीताई, मॉडेल नंतर. आधी कागद, कारण आपल्या लोकांचा घोळ तिथेच होतो.

फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे त्यात आले. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही, त्यामुळे तुम्ही दोघे मोकळे आहात. सासू-सासरे मात्र बी-२ वर, म्हणजे पर्यटक व्हिसावर येणार. म्हणजे त्यांच्या हाती लागेल अशा जागी पिस्तूल असता कामा नये आणि तिजोरीचा नंबरही त्यांना ठाऊक असता कामा नये. त्यांच्यावर विश्वास आहे की नाही हा मुद्दाच नाही, कायद्याचा प्रश्न आहे.

हाच नियम रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी लागतो. एमएस करायला आलेल्या भाच्याला गंमत म्हणून रेंजवर नेणं आपल्याकडे सर्रास चालतं. भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हासुद्धा ताबाच असतो. भाचा एफ-१ वर असेल आणि कोणत्याही अपवादात बसत नसेल, तर त्याच्या पुढच्या सगळ्या इमिग्रेशनला धोका. त्याला नेऊ नका.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर खोटं उत्तर देणं हा फेडरल गुन्हा आहे. गांजाचा प्रश्न नीट वाचा. तुमच्या राज्यात चालत असला तरी फेडरल कायद्यात तो चालत नाही, हे फॉर्मवरच छापलेलं असतं. दुसऱ्याने दिलेल्या पैशांत त्याच्यासाठी स्वतःच्या नावावर खरेदी करणं हाही गुन्हा. फॉर्म भरला की एनआयसीएसची, म्हणजे फेडरल पार्श्वभूमीची तपासणी होते, ही पद्धत १९९८ पासून आहे. बहुतेकांना काही मिनिटांत उत्तर मिळतं.

आणखी एक. ग्रीन कार्डधारकाला शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ते देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतं. सिटिझन माणूस दंड भरून सुटेल अशा गोष्टीत आपलं इथलं सगळं जाऊ शकतं. म्हणून पाट्या आणि नियम जरा जास्तच काटेकोरपणे पाळायचे.

रेंजवाला:
कृष्णाकाठ यांना पूर्ण अनुमोदन. आता पिस्तुलाकडे येतो. मी इथे नवशिक्यांना शिकवतो, त्यात बऱ्याच भारतीय बायका असतात, त्यामुळे ओवीताईंना दुकानात आलेला अनुभव ओळखीचा आहे.

हलकं आणि लहान म्हणजे सोपं, असा समज आहे. प्रत्यक्षात उलट असतं. गोळी तीच राहिली आणि पिस्तूल हलकं झालं की धक्का हाताला जास्त बसतो, कारण तो पचवायला वजनच नसतं. नळी लहान, वरचे साइट्स (नेम धरायच्या खुणा) जवळजवळ, मूठ अर्धवट, करंगळीला जागा नाही. तुम्हाला दाखवलं ते बहुधा स्मिथ अँड वेसनच्या ६४२ सारखं असणार. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, पाच गोळ्या, चाप सुमारे बारा पौंडांचा. पिस्तूलच पाऊण पौंड ते एक पौंड वजनाचं आणि चाप बारा पौंडांचा, मग नेम हलणारच. वर्षानुवर्षं सराव केलेले लोक ते उत्तम चालवतात. पहिलं म्हणून मी कोणालाही सुचवत नाही.

दुसरं टोक म्हणजे ग्लॉक १९. नळी चार इंच, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) पंधरा गोळ्या, जगभर पोलिसांकडे. शिकायला अप्रतिम. पण लहान चणीच्या माणसाला दिवसभर कपड्यांखाली लपवायला जाड आणि जड पडतं.

मधली जागा गेल्या काही वर्षांत भरली. २०१८ साली सिग सॉअरचं पी३६५ आलं आणि बाजारच बदलला. त्याआधी एवढ्या लहान पिस्तुलात सहा-सात गोळ्या मावत, याने दहा मावून दाखवल्या. मग स्प्रिंगफील्डचं हेलकॅट, ग्लॉकचं ४३एक्स, स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस अशी रांग लागली. ही सगळी ९ मिमी मापाच्या गोळीची, जेमतेम एक इंच जाड, वजन अर्ध्या किलोच्या अल्याडपल्याड. या गटातली जरा लांब मुठीची मॉडेल्स, म्हणजे पी३६५ एक्सएल, ४३एक्स, शील्ड प्लस, ही पहिल्या पिस्तुलाला मला सगळ्यात योग्य वाटतात. तिन्ही बोटं मुठीवर बसतात आणि तरी शर्टाखाली दिसत नाहीत. (सिगचं नाव घेतलं की कोणीतरी पी३२० चा विषय काढेल. चाप न ओढता गोळी सुटते या आरोपावरून त्याच्यावर झालेले खटले आणि २०१७ ची कंपनीची दुरुस्ती योजना या खऱ्या गोष्टी आहेत. पी३६५ हे वेगळं पिस्तूल आहे.)

मनगटात जोर नसेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी जरूर बघा. .३८० आणि ९ मिमी या दोन्ही मापांच्या गोळ्यांत मिळतं, स्लाइड (गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग) मऊ, मॅगझिन भरायला सोपं. मुठीवर एक दाबायची सेफ्टी असते. पकड ढिली असेल तर ती दबत नाही आणि चाप चालत नाही, हे माहीत असू द्या.

पण स्लाइड ओढता येत नाही म्हणणाऱ्या दहातल्या बहुतेकींचा प्रश्न ताकदीचा नसतो, पद्धतीचा असतो. दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड धरून मागे खेचू नका. डावा पंजा स्लाइडवर वरून गच्च ठेवा, कोपर शरीराजवळ आणा आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकला. नळी सतत समोर सुरक्षित दिशेला. खांद्याची ताकद कामाला येते आणि स्लाइड सहज सुटते.

विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने घेऊन चालवा. चप्पल घेताना जसा पाय घालून दोन पावलं चालून बघतो तसंच आहे हे, दुसऱ्याच्या मापाची उपयोगी नाही. प्रत्येकातून निदान पन्नास गोळ्या झाडा. पहिल्या दहांत सगळीच बरी वाटतात. चाळिसाव्या गोळीला हात दुखतोय का, कागदावरचा नेम खाली-डावीकडे घसरतोय का, ते बघा. ज्यातून सराव करावासा वाटतो तेच घ्या.

प्लेनोकर:
रेंजवाला, बाकी पटलं, पण रिव्हॉल्व्हरला तुम्ही फार लवकर निकालात काढलंत. गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, विषय संपला. स्लाइड, मॅगझिन, सेफ्टी, काही लक्षात ठेवायला नको. खिशातून, जॅकेटच्या आतूनही चालतं. माझ्या बायकोकडे रुगरचं एलसीआर आहे आणि ती समाधानी आहे. अंगाला भिडून कोणी झटापट करत असेल तर पिस्तुलाची स्लाइड मागे ढकलली जाऊन ते बंद पडू शकतं, हेही नवीन माणसाला कोणी सांगत नाही.

रेंजवाला:
झटापटीचा मुद्दा खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. एलसीआरचा चापही त्याच्या भावंडांपेक्षा गुळगुळीत. वहिनी नियमित सराव करत असतील तर उत्तमच.

माझी हरकत वेगळी आहे. हलकं रिव्हॉल्व्हर घेणारी माणसं सरावच करत नाहीत, कारण ते हाताला लागतं. एक डबी संपवतात, ड्रॉवरमध्ये ठेवतात, आणि तीन यार्डांच्या पुढे कागदावर लागत नाही हे त्यांना कळतही नाही. शिवाय पाच गोळ्या संपल्या की ताणाखाली पुन्हा भरणं जवळपास अशक्य. ओवीताईंनी दोन्ही चालवून बघावं आणि सात यार्डांवरचा कागद समोर ठेवून ठरवावं. कागद कोणाची बाजू घेत नाही.

वऱ्हाडी:
गोळीबद्दल थोडं. .४५ च घ्या, ९ मिमी कमजोर आहे, असं सांगणारे भेटतील. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने मोठ्या गोळीचा रस्ता धरला, त्यातून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू आली. पुढे हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळ्या सुधारल्या आणि एफबीआय पुन्हा ९ मिमीवर आली. कारण साधं होतं. त्यांची माणसं ९ मिमीने जास्त वेगाने आणि जास्त अचूक मारत होती.

सरावाला एफएमजे, म्हणजे पूर्ण तांब्याच्या कवचाची स्वस्त गोळी. बाळगायला हॉलो पॉइंट. ती शरीरात पसरते आणि थांबते, त्यामुळे आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी होतो. एफबीआयच्या कसोटीत शरीराऐवजी वापरलेल्या जिलेटिनमध्ये बारा ते अठरा इंच शिरणारी गोळी योग्य मानतात. फेडरल एचएसटी, स्पीअर गोल्ड डॉट ही जुनी, पारखलेली नावं आहेत. ज्या गोळ्या बाळगणार त्या स्वतःच्या पिस्तुलातून आधी झाडून बघा. काही पिस्तुलांचं काही गोळ्यांशी जमत नाही.

मुक्ता७:
बायकांच्या कपड्यांबद्दल पुरुष मंडळी काही लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. ओवी, तू बहुधा स्क्रब (हॉस्पिटलातला सैल गणवेश) घालत असशील. स्क्रबच्या पँटला नाडी असते, बेल्ट नसतो. नुसतं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) अडकवलं तर पँटच खाली ओढली जाते. त्यासाठी कपड्याच्या आत वेगळा पट्टा बांधून त्यावर कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर बसवतात, तो प्रकार मला सगळ्यात चांगला वाटला. पोटाला गुंडाळायचे नुसते लवचिक कापडी पट्टे मिळतात ते घेऊ नकोस, त्यात चापावर कडक आवरण नसतं.

आणि ती नाडी! पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना नाडीचं किंवा जॅकेटच्या दोरीचं टोक आत गेलं आणि चापात अडकलं तर गोळी सुटते. नाडी आत खोचून गाठ मार, होल्स्टरकडे डोळ्यांनी बघ, आणि सावकाश ठेव. बाहेर काढायला घाई असू शकते, परत ठेवायला कधीच नसते.

पर्समध्ये ठेवू नकोस. तुझ्या सहकारी मुलीची पर्सच तर गेली ना? मग चोरासोबत पिस्तूलही गेलं असतं. घरी आल्यावर आपण पर्स सोफ्यावर टाकतो, पाहुण्यांची लहान मुलं चॉकलेट शोधायला त्यात हात घालतात. या देशात लहान मुलांनी आईच्या पर्समधून पिस्तूल काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत. गणपतीला, दिवाळीला साडी नेसते तेव्हा मी ते घरी तिजोरीत ठेवते. साडीत ते सुरक्षित बसवता येत नाही आणि त्या गर्दीत कडेवर सतत कोणाचं तरी बाळ असतं.

डोंगरवाट:
सगळ्यांनी मनापासून लिहिलंय, तरी मी वेगळं बोलणार आहे. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. दरोडेखोर क्वचित येतो, वाईट रात्र प्रत्येक घरात येते. इतर मार्गांनी प्रयत्न केलेली बरीच माणसं वाचतात, बंदुकीने फारच थोडी. आणि ती लहर पुष्कळदा थोड्या वेळात ओसरणारी असते, म्हणूनच त्या वेळात हाताशी काय आहे याला इतकं महत्त्व.

ओवी, तुझ्या घरी चौदा वर्षांचा मुलगा आहे. आपल्या मुलांवर अभ्यासाचं, कॉलेज प्रवेशाचं, दोन संस्कृतींचं केवढं दडपण असतं हे मी रोज बघते. ती घरी बोलत नाहीत. “माझा मुलगा तसा नाही” हे वाक्य मी ज्या आईवडिलांकडून ऐकलंय, त्यांची मुलं तशीच होती, आनंदी, हुशार, मित्रांत रमणारी. पिस्तूल घेऊच नकोस असं मी म्हणणार नाही, तो तुझा निर्णय. पण घरात कोणीही खचलेलं असेल, तू स्वतःसुद्धा, तर त्या काळात ते घराबाहेर ठेवायची तयारी आधी कर. अनेक रेंज आणि दुकानं तात्पुरतं ठेवून घेतात. आणि ९८८ हा आत्महत्येच्या विचारांच्या वेळी मदतीचा नंबर फ्रिजवर लाव. २०२२ पासून तो देशभर चालतो, फोन किंवा मेसेज, चोवीस तास.

ओवी:
डोंगरवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि नवऱ्यालाही वाचायला दिला. मुलाबद्दल आम्ही एवढा विचार केला नव्हता. पिस्तूल आणायचं ठरलं तर त्याच्यापासून लपवून ठेवायचं की त्याला सगळं सांगायचं? आणि तिजोरी कोणती?

कृष्णाकाठ:
सांगायचंच. लपवलेली वस्तू मुलांना सापडते. आईवडिलांना वाटतं मुलांना पत्ता नाही, मुलांना कपाटाचा कोणता कप्पा तेही माहीत असतं. त्याला समोर बसवून सांगा की हे आहे, कुलपात असतं, नंबर आम्हा दोघांनाच माहीत आहे, मित्राच्या घरी कधी दिसलं तर हात लावायचा नाही आणि तिथून निघून यायचं. पण सांगितलं म्हणून कुलूप ढिलं करायचं नाही.

टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पिस्तुलाच्या डब्यासोबत तारेचं एक कुलूप फुकट मिळतं, पण पलंगाजवळ ठेवायचं पिस्तूल त्याने बांधून ठेवलं तर वेळेला काढता येत नाही, म्हणून लोक ते वापरतच नाहीत. त्यापेक्षा बटणं दाबून उघडणारी छोटी पोलादी तिजोरी घ्या आणि ती फर्निचरला किंवा भिंतीतल्या लाकडाला बोल्टने ठोका. ठोकली नाही तर चोर तिजोरीसकट नेतो. नंबरात मुलाची जन्मतारीख नको, घराचा नंबर नको. बॅटरी संपली तर उघडायची किल्ली घरातल्या किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवू नका.

बजेट करताना पिस्तुलाला सगळे पैसे लावू नका. साधारण पाचशे डॉलरचं पिस्तूल असेल तर जवळपास तेवढेच तिजोरी, चांगलं होल्स्टर, पट्टा, कानाचं-डोळ्याचं संरक्षण, शिकवणी आणि सरावाच्या गोळ्यांत जातात. पैसे कमी पडत असतील तर पिस्तूल स्वस्तातलं घ्या, तिजोरी आणि शिकवणी नाही.

सांजवेळ:
मला एक प्रश्न पडलाय आणि तो कोणी विचारलेला दिसत नाही. ओवीताई, तुमच्या नोकरीच्या ठिकाणी पिस्तूल आत नेता येतं का? बऱ्याच मोठ्या फार्मसी आणि हॉस्पिटलं कर्मचाऱ्यांना मनाई करतात. टेक्सासमध्ये २०११ च्या कायद्याने मालक तुम्हाला कुलूपबंद गाडीत कायदेशीर शस्त्र ठेवण्यापासून सहसा अडवू शकत नाही, पण आत आणू न देण्याचा अधिकार त्याला आहे.

म्हणजे विचार करा. तुमची भीती दारापासून गाडीपर्यंतच्या त्या अंधाऱ्या पट्ट्याची आहे, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात पिस्तूल तुमच्या कमरेला नसेल, गाडीत असेल. वर ते रात्रभर पार्किंग लॉटमध्ये पडून राहणार. गाड्या फोडून पिस्तुलं चोरणं हा इथे मोठा धंदा आहे.

ओवी:
हो, आमच्याकडे मनाई आहे. कंपनीचं धोरण काल काढून वाचलं. गाडीत ठेवलेलं चालतं, आत नाही.

रेंजवाला:
सांजवेळ यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. शस्त्र विकणारे हे सांगणार नाहीत. पिस्तूल कोणतं याआधी, ते कोणत्या वेळी अंगावर असणार, हे ठरवायला हवं. ओवीताई, तुमच्या बाबतीत कामाच्या वेळांना उत्तर पिस्तुलात नाही. त्या पट्ट्यासाठी वेगळ्या गोष्टी करा. पाळी संपताना सिक्युरिटी किंवा एखाद्या सहकाऱ्याबरोबर निघण्याचा नियम मॅनेजरकडून लेखी करून घ्या. गाडी दिव्याखाली, दाराच्या जवळात जवळ आणि तोंड बाहेर करून लावा. फोन पर्समध्ये, किल्ली हातात. दुसऱ्या हातात चांगल्या उजेडाचा टॉर्च. पेपर स्प्रे टेक्सासमध्ये कायदेशीर आहे, फक्त कामाच्या जागी नेण्याबद्दल धोरणात काय लिहिलंय ते बघा. जेल प्रकारचा घ्या, वाऱ्याने तोंडावर उलट येत नाही. सरावासाठी पाण्याचा नळकांडा मिळतो, अंगणात तो मारून बघा. गाडीत बसल्या बसल्या दार लॉक करून निघायचं, मेसेज वाचत बसायचं नाही.

पिस्तूल उरतं ते घरासाठी आणि सुट्टीच्या दिवशीच्या बाहेर जाण्यासाठी. मग निवडही बदलते. घर हा मुख्य हेतू असेल तर एवढं लहान कशाला? ग्लॉक १९ किंवा स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ९ कॉम्पॅक्ट यांच्या मापाचं घ्या. खाली टॉर्च बसतो. अंधारात समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, आणि तुमच्या घरात रात्री पाणी प्यायला उठणारा मुलगा आहे, जेट लॅगने पहाटे तीनला फिरणारे सासरे असणार आहेत. टॉर्च ही सोयीची वस्तू नाही, गरज आहे. मात्र भिंतीवरचा दिवा किंवा हातातला टॉर्च आधी, कारण पिस्तुलाच्या टॉर्चने बघायचं म्हणजे नळी त्याच्यावर रोखावी लागते.

जर्सीकर:
इतर राज्यांतले वाचक टेक्सासचं वाचून निघू नयेत म्हणून लिहितो. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणीही सामान्य माणसाला कॅरी परवाना मिळू लागला, पण वाट लांब आहे. न्यू जर्सीत पिस्तूल विकत घ्यायलाच वेगळा परवाना लागतो, मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा आहे आणि हॉलो पॉइंट बाळगण्यावर निर्बंध आहेत. न्यूयॉर्कमध्ये सोळा तासांचा वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबार. कॅलिफोर्नियात राज्याच्या यादीतलीच मॉडेल्स नवीन मिळतात आणि दहा दिवस थांबावं लागतं. टेक्सासमधल्या मित्राच्या गाडीतून पिस्तूल जर्सीत आलं तर थेट तुरुंगाची भाषा. राज्याची सीमा ओलांडण्याआधी प्रत्येक वेळी नियम बघा.

कृष्णाकाठ:
टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं. तरी ओवीताई, परवाना काढाच. चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर गुण लागतात. अर्जाची फी चाळीस डॉलर. फायदे दोन. शाळेपासून हजार फुटांच्या आत शस्त्र नेण्यावर फेडरल बंदी आहे, राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते. आपल्या वस्तीत शाळा टाळून कुठे जाता येतं? आणि तो परवाना अनेक राज्यं मानतात.

शस्त्रबंदीच्या पाट्या ओळखायला शिका. ३०.०५, ३०.०६, ३०.०७ असे आकडे लिहिलेले असतात. बारच्या दारावर लाल रंगात ५१% दिसलं की आत न्यायचं नाही. पोस्ट ऑफिसात तर कधीच नाही. मंदिरांच्या दारावरही काही ठिकाणी पाटी असते.

मुक्ता७:
ओवी, अजून दोन गोष्टी, मग थांबते. रेंजवर कानात बोळे आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही घाल. इनडोअर रेंजवर आवाज कान फोडतो आणि दचकून नेम बिघडतो. गळाबंद टीशर्ट घाल, रिकामं तापलेलं काडतूस उडून गळ्यात शिरलं की माणूस उड्या मारतो आणि हातातलं पिस्तूल भलतीकडे वळतं. परत आल्यावर हात थंड पाण्याने, साबणाने धू, गोळ्यांत शिसं असतं. कपडे वेगळे टाक. दिवस गेलेल्या बाईने रेंजवर जाऊच नये.

घरचा कोरडा सरावही कर. पिस्तूल रिकामं आहे का दोनदा बघायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, भिंत अशी की पलीकडे कोणी नाही. रोज थोडा वेळ चाप सावकाश ओढायचा, साइट हलू द्यायची नाही. नवीन माणूस यातून रेंजपेक्षा जास्त शिकतो.

ओवी:
खूप आभार सगळ्यांचे. आमचं असं ठरतंय की आधी दोघांनी मिळून शिकवणीचा वर्ग करायचा, भाड्याने दोन-तीन मॉडेल्स चालवायची, तिजोरी भिंतीला ठोकून झाल्यावरच खरेदी. मॅनेजरशी बोलले, सिक्युरिटीवाला आता रात्री गाडीपर्यंत येतो. एक राहिलं. डिसेंबरमध्ये आम्ही भारतात जाणार आहोत. तेव्हा काही काळजी?

प्लेनोकर:
आहे, आणि मोठी आहे. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती बॅग, ते जॅकेट, त्या पँटी प्रवासाला कधीही नेऊ नका. कप्प्याच्या शिवणीत, खिशाच्या अस्तरात एखादी गोळी राहून जाते. भारतीय विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. इथून परत गेलेले कित्येक जण असे अडकले आहेत. मुद्दाम आणलं नव्हतं हे कोर्टात सांगून सुटका होतेही, पण तोवर पासपोर्ट अडकतो, सुट्टी जाते, नोकरीवर वेळेत परतता येत नाही. काहींना हायकोर्टापर्यंत जावं लागलं. रिकामं काडतूस, शोभेची गोळी असलेली की-चेन, हेही नको. मुलगा रेंजवरून आठवण म्हणून रिकामी काडतुसं खिशात घालून आणतो का, तेही बघा. बॅगा भरण्याआधी सगळ्यांचे खिसे उलटे करून झटका, सासू-सासऱ्यांच्या परतीच्या बॅगांसकट.